गोळीपासून सुरुवात नको: इतिहासावरचे शालेय नाटक बसवताना या चुका टाळा

१८९७ च्या पुण्यातील प्लेगवर नाटक करायचे ठरले की मुले बहुधा शेवटापासून विचार करू लागतात. २२ जूनची रात्र, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग समितीचा प्रमुख असलेला इंग्रज अधिकारी रँड याच्यावर झाडलेली गोळी एवढे डोळ्यांसमोर आले की उरलेले नाटक तिथपर्यंत पोहोचण्याची घाई होऊन बसते, आणि मधली पोकळी भरायला निवेदक सनावळ्या वाचत राहतो. निवेदकाची वाक्ये पात्रांपेक्षा जास्त झाली असतील, तर विषय फार मोठा घेतला आहे असे समजावे. त्या वर्षी मार्च ते मे या काळात सोजीर घरोघर तपासणी करत, रुग्णाला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत, सामान जाळून टाकत. एका वाड्यातील एक सकाळ घ्यावी: मुलीला ताप आहे, शेजारच्या घरातून बुटांचा आवाज येतो आहे, आणि तिला माळ्यावर लपवावे की पुढे आणावे यावर आईवडिलांचे एकमत होत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. मुले एकच पुस्तक वाचतात आणि त्यातले प्रत्येक वाक्य संवादात घालतात. त्या वेळी भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचे आरोप तिथे जाहीरपणे केले. परत आल्यावर ते सिद्ध करण्यासाठी कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ही हकिकत वर्गात सांगून मुलांना विचारावे की पत्र लिहिणारे गप्प का बसले असतील. अत्याचार झालाच नाही म्हणून, की बदनामीच्या आणि सरकारच्या भीतीने? मुलांचे उत्तर काहीही असो, पुरावा आणि अफवा यांतील फरक त्यांना एरवीच्या उपदेशापेक्षा इथे लवकर कळतो, आणि अनेकदा नाटकाचा सर्वांत चांगला प्रवेशही याच प्रश्नातून निघतो.

कालविसंगती कपड्यांत लगेच दिसते, तोंडच्या वाक्यांत मात्र लपते. ‘पिसवांमुळे प्लेग पसरतो’ असे १८९७ मधल्या वैद्याने म्हणता कामा नये, कारण पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवला. घरात मेलेले उंदीर दिसल्याची भीती मात्र खरी होती. कोरोना पाहिलेली मुले ‘व्हायरस’ हा शब्द नकळत वापरतात. संहितेच्या शेवटच्या वाचनात तो शोधून काढावा.

खऱ्या व्यक्तींच्या तोंडी लांबलचक भाषणे घालण्याचा मोहही आवरावा. हडपसरजवळ दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी सुरू केलेल्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडून रंगमंचावर संदेश देववण्याऐवजी, त्यांच्या जाण्याची बातमी कळल्यावर दवाखान्यातला एखादा काल्पनिक रुग्ण काय करतो, हे दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. कोणते पात्र कल्पित आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत छापावे.

तालमीत संवाद पाठ करून म्हटल्यासारखे वाटत असतील, तर दोष प्रत्येक वेळी अभिनयाचा नसतो. पात्राच्या हातांना काम दिलेले नसते. गोधड्या गुंडाळणे, भांडी आवरणे, कडी लावणे अशी कामे द्यावीत आणि एक तालीम कागदाशिवाय, स्वतःच्या शब्दांत करून घ्यावी.

मुलांनी गोळीचा हट्ट सोडलाच नाही, तर ती पडद्याआडच ठेवावी. त्या रात्री गोळीबारात सापडलेला दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड मात्र ३ जुलैपर्यंत जिवंत होता. म्हणजे आपल्या वाड्यात बातमी तुकड्यातुकड्यांनीच पोहोचणार, आणि काय खरे धरायचे याचा वाद पुन्हा त्याच आईवडिलांत होणार.