कॅन्सर रिसर्चसाठी फंडरेझर डिनर पहिल्यांदाच करताय? आमचा तीन वर्षांचा अनुभव

मावशीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आम्ही पुण्यात पहिला कार्यक्रम केला. गाणी, जेवण, २५ टेबलं, २५० माणसं. हॉल गच्च भरला, लोक खूश होऊन घरी गेले आणि खर्च वजा जाता हातात जे उरलं ते बघून मी रात्री रडले. आता तीन वर्षं झाली, बऱ्याच जणी मला विचारतात की कसं करायचं, म्हणून जमेल तसं लिहितेय.

आधी पैशाचं गणित. प्लेट १२०० ची असेल तर २५० जणांचे तीन लाख नुसते केटररचे, त्यात हॉल, साउंड, कलाकारांचं मानधन. पासच्या पैशातून हे भागवायला गेलात की देणगीला काही उरतच नाही. त्यामुळे आम्ही आता एकच नियम पाळतो, स्पॉन्सर आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यातून हॉल आणि जेवण निघाल्याशिवाय पास छापायला टाकायचे नाहीत. स्मरणिका जुनाट वाटते खरी, पण गल्लीतला सराफ, ओळखीचा बिल्डर, क्लासवाले सर हे अर्ध्या पानाची जाहिरात पटकन देतात, त्यांच्याकडे नुसती देणगी मागा, "बघू" म्हणतात.

कागदपत्रं. आमची स्वतःची रजिस्टर्ड संस्था नव्हती म्हणून ८०जी (म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या एका ट्रस्टसोबत केलं आणि पैसे थेट त्यांच्याच खात्यात, क्यूआर कोडही त्यांचाच, कुणाच्या पर्सनल नंबरवर एक रुपया नाही, हे प्लीज पाळाच. देणगीदाराचा पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या. रोख २००० च्या वर असेल तर त्यावर ८०जी मिळत नाही, आणि ज्यांनी नवीन टॅक्स रिजीम घेतलीये त्यांनाही ती सूट नाही, हे आधीच सांगून टाका, नंतर लोक दुखावतात. आणि पासचे पैसे म्हणजे देणगी नाही, त्याबदल्यात माणूस जेवतोय, गाणं ऐकतोय, आमच्या सीएंनी हे पहिल्याच मीटिंगमध्ये बजावलं होतं. परदेशातल्या नातेवाइकांचं पण बघून घ्या, भारतीय पासपोर्ट असेल तर चालतं, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नसलेल्या ट्रस्टला घेता येत नाहीत, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी.

आता मुख्य. पेशंटच्या उपचारासाठी लोक लगेच हात सैल सोडतात, समोर चेहरा असतो. रिसर्च म्हटलं की "ते सरकार करेल, औषध कंपन्या करतील" असं येतं. पहिल्या वर्षी आम्ही दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, नऊ जणांना शाल-श्रीफळ हे सगळं करून सव्वादहाला, जेवणं झाल्यावर आवाहन केलं. निम्मी माणसं चपला शोधत होती. ज्यांना लिहायचं होतं त्यांच्या टेबलावर पेन नव्हतं!

दुसऱ्या वर्षी सत्कार दोनच ठेवले, आणि दुसऱ्या गाण्यानंतर, जेवणाच्या आधी, ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम स्टेजवर आल्या. हातात फक्त एक रिकामी सिरिंज. म्हणाल्या, यात लिग्नोकेन भरायचं, दात काढताना देतात ना तसलंच भुलीचं औषध, कुठल्याही हॉस्पिटलात मिळतं, स्वस्त. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी भारतातल्या ११ सेंटर्समधल्या ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या जवळजवळ १६०० बायकांवर अभ्यास केला, निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती हे इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१. म्हणजे शंभरात साधारण चार बायका जास्त. २०२३ मध्ये हे छापून आलं. मग त्यांनी विचारलं, या औषधाचं पेटंट कुणाकडेच नाही, यातून कुठल्या कंपनीला फायदा होणार, मग असल्या अभ्यासाला पैसे कोण देणार? हॉलमध्ये एकदम शांतता. मावशी पहिल्या रांगेतल्या टेबलावर होती, तिने सगळ्यात आधी देणगीचं कार्ड भरलं.

तेव्हा प्रत्येक खुर्चीसमोर कार्ड आणि पेन होतं, कार्डावर देणगीचे तीन आकडे आणि हवी ती रक्कम लिहायला एक रिकामी जागा, बस. कार्यकर्ते दहा मिनिटांत कार्डं गोळा करून मोकळे. क्यूआरवर एकट्यावर विसंबू नका, आमच्या हॉलमध्ये नेटवर्कच नव्हतं. आणि स्टेजवरून एकूण जमा झालेला आकडा सांगू नका, खर्च वजा जाता जो राहील तोच सांगायचा, उशीर झाला तरी.

कार्डावर लिहिलेले पैसे आपोआप येत नाहीत. दोन दिवसांत फोन करा, मेसेज नाही, फोन. आठवडा गेला की माणूस विसरतो. ट्रस्टकडून संशोधन करणाऱ्या संस्थेला चेक जाताना सोबत लेखी पत्र जायलाच हवं की ही रक्कम अमुक संशोधनासाठीच आहे, नाहीतर ती जनरल फंडात जाते, आणि विनियोगाचा दाखला, म्हणजे पैसे त्याच कामाला वापरल्याचं पत्रही, मागून घ्या. ३१ मे पर्यंत ट्रस्टने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरणपत्र (१०बीडी) भरलं की नाही हे पण विचारत राहा, त्याशिवाय देणगीदारांना सूट घ्यायला लागणारं १०बीई सर्टिफिकेट मिळत नाही.

सहा महिन्यांनी आम्ही पैसे कुठे लागले याचं एक साधं पान मराठीत लिहून सगळ्यांना पाठवलं, फोटो नाहीत, डिझाइन नाही. तिसऱ्या वर्षी पास छापायच्या आधीच अकरा टेबलं गेली होती.