छतावरून विमानं टिपताना या चुका टाळा

घरच्या छतावरून विमानांचे सिग्नल टिपणाऱ्यांचा फोन बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं सुरू होतो. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. "काका, डोंगल आणलं, सॉफ्टवेअर टाकलं, पण नकाशावर दोनच विमानं दिसतात. याहून भारी डोंगल कोणतं घेऊ?" मी विचारतो, अँटेना कुठं ठेवलाय? "खिडकीत." किंवा, "कॉम्प्युटरच्या शेजारीच."

भारी डोंगल घेऊ नका. छतापासून टेबलापर्यंतच्या वाटेत जे बिघडलेलं असतं, ते नवं डोंगल आणून दुरुस्त होत नाही. आपल्या मराठवाड्याच्या आकाशात विमानांना तोटा नाही. मुंबई–हैदराबाद सरळ रेषा धाराशिवच्या आसपासून जाते, दिल्ली–बेंगळुरूची नांदेडच्या बाजूनं आणि मुंबई–नागपूरची छत्रपती संभाजीनगरजवळून. परभणीसारख्या मधल्या गावातून या तिन्ही वाटांवरची विमानं टिपता येतात.

ऐकायचं काय, हे आधी ठरवा

विमानातून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे वैमानिक आणि नियंत्रक यांचं प्रत्यक्ष बोलणं. नागरी विमानांचं ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, लष्करी विमानांचं बरंचसं २२५ ते ४०० मध्ये. दुसरी म्हणजे एडीएस-बी. यात विमानातलं ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र १०९० मेगाहर्ट्झवर विमानाची ओळख, उंची, वेग आणि जागा स्वतःहून सतत सांगत राहतं. आपल्या नकाशावर विमानं दिसतात ती यावरूनच.

अमेरिकेतले लोक विमानतळाच्या कुंपणाशी स्कॅनर घेऊन बसलेले व्हिडिओत दिसतात आणि आपली पोरंही तसंच करायला जातात. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडं बिनतारी उपकरण बाळगायलाही परवाना लागत आला. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्यात दुसऱ्याचे संदेश बेकायदेशीरपणे टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून मी विमानांचं बोलणं ऐकत नाही आणि कुणाला ऐका म्हणतही नाही. बटण दाबून बोलता येणारे स्वस्त वॉकीटॉकी ऑनलाइन मिळतात, ते तर घरात आणूच नका. चुकून दाबलेलं एक बटण वैमानिकाच्या कानात जाऊ शकतं.

आधी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. पहिल्या पायरीला रिस्ट्रिक्टेड श्रेणी मिळते. आपल्या उपकरणाला कोणती परवानगी लागेल, हे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेला लेखी विचारून घ्या. आवाज ऐकण्याचीच हौस असेल तर हॅमचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० वर येणारं बोलणं स्वतःच्या अँटेनावर पकडण्याचा आनंद काही वेगळाच असतो.

उदगीर-देगलूरकडच्या मित्रांना एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बीदरचा हवाई दलाचा तळ तुमच्या जवळ आहे, हॉक विमानं डोक्यावरून जाताना दिसतात. डोळे भरून बघा. पण ती किती वाजता गेली, कुठं वळली, किती होती हे ग्रुपवर टाकू नका, त्यांच्या फ्रिक्वेन्सी शोधत बसू नका. बरीच लष्करी विमानं आपली जागा प्रक्षेपित करतच नाहीत. ती नकाशावर दिसली नाहीत, तर तो तुमच्या संचाचा दोष नाही.

अँटेना आणि तवा

डोंगलसोबत येणारा लोहचुंबकाचा छोटा अँटेना पुष्कळदा जसाच्या तसा वापरला जातो. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग म्हणजे ६.९ सेंटिमीटर. अँटेनाची काडी यापेक्षा लांब असेल तर पट्टी धरून मोजा आणि तेवढीच ठेवा. दुसरं, या काडीला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो. लाकडी कपाटावर ती अर्धवटच काम करते. स्टीलच्या बऱ्याच डब्यांच्या झाकणांना चुंबक चिकटत नाही. मी घरातला जुना लोखंडी तवा उलटा केला आणि मधोमध अँटेना बसवला. त्या संध्याकाळी नकाशावरची विमानं पाचावरून सतरावर गेली. डोंगल तेच होतं.

काडी उभीच हवी, आडवी नको. आणि पत्र्याच्या खोलीत अँटेना ठेवून काहीही होणार नाही. पत्रा सिग्नल अडवतो. माळवदावर किंवा स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्याही वर न्या.

केबल, आणि तिच्यात शिरलेलं पाणी

अँटेना वर गेला की केबल लांबते आणि तिथंच कमाई जाते. बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर ओढली तर या फ्रिक्वेन्सीला पाच-सहा डेसिबल वाटेतच जिरतात, म्हणजे वर पकडलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा कसाबसा खाली पोचतो. डिशच्या छत्रीची आरजी-६ केबल तेवढ्याच लांबीला दोन डेसिबलच्या आसपास खाते. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० चं, म्हणून लोक बिचकतात. या फरकानं होणारं नुकसान पाव डेसिबलही नाही. खुशाल वापरा. कोणत्याही गावात डिश बसवणाऱ्याकडं ती मिळते, आणि कनेक्टरही तो दाबून देतो.

ॲम्प्लिफायर लावायचा असेल तर वर, अँटेनाच्या पायथ्याशी लावा. खाली डोंगलजवळ लावला तर केबलमध्ये जे हरवलं ते हरवलंच. तो उरलेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करतो.

एका पावसाळ्यात माझी विमानं आठवड्याभरात कमी कमी होत गेली. एकदम बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. आधी तीनशे किलोमीटरपलीकडची गेली, मग दोनशेपलीकडची. मी सॉफ्टवेअर दोनदा नव्यानं टाकलं, डोंगल बदलून पाहिलं. शेवटी छतावर जाऊन कनेक्टरवरची काळी इन्सुलेशन टेप सोडवली. आतून पाण्याचा थेंब ओघळला. वेणीसारखी तांब्याची जाळी हिरवी पडली होती आणि पांढरा फोम बोटानं दाबला की ओल सुटत होती. साधी टेप उन्हानं सैल होते आणि पहिल्याच सरीत पाणी आत घेते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखा एकावर एक थर येतो. केबल घरात शिरते तिथं तिला खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, भिंतीत शिरत नाही. भिजलेली केबल वाळवून वापरू नका. ओल जिथवर गेली तिथवर कापून टाका.

गेन वाढवणं

गेन म्हणजे डोंगल सिग्नल किती पट मोठा करतं ते. "गेन फुल केलाय" हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. गावात जवळपास मोबाइल टॉवर असतो, त्याचा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा जोर डोंगलला बधिर करतो. जवळची विमानंही इतकी जोरात येतात की संदेश फाटतात. विमानांचे संदेश उलगडणाऱ्या डंप१०९० या सॉफ्टवेअरमध्ये उणे ३ डेसिबलहून जोरदार संदेशांची संख्या दिसते. ते एकूण संदेशांच्या शेकडा पाचाहून जास्त झाले तर गेन एक पायरी खाली आणा, दिवसभर थांबा, मग पुन्हा बघा. टॉवर समोरच असेल तर बाकीच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा १०९० चा फिल्टर घ्या. खर्च करायचाच असेल तर तो इथं करावा.

ऊन, लाइट आणि वीज

डोंगल जोडायचा छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय, पत्र्याखालच्या खोलीत ठेवून मे महिन्यात "संदेश का कमी झाले" विचारू नका. आत ८० अंश झाले की तो स्वतःहून मंदावतो. खालच्या खोलीत, भिंतीच्या सावलीत ठेवा. मोबाइलचा कुठलाही चार्जर त्याला जोडू नका. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार नोंदवतो, आणि डोंगल मध्येच नाहीसं होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. लाइट जाण्यानं मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडा आणि एक कार्ड तयार करून बाजूला ठेवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं, की गडगडाट ऐकू येण्याआधीच केबल डोंगलपासून काढून घराबाहेर टाका. हे आधी करायचं, ढग डोक्यावर आल्यावर नाही. छतावर चढून अँटेना उतरवायला त्या वेळी अजिबात जाऊ नका. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं दगावतात. यंत्र गेलं तर नवं आणता येईल.

बिघाड नसलेले बिघाड

"चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, उतरणारं विमान शेवटी गायब होतं, नांदेडचं मात्र जवळजवळ जमिनीपर्यंत दिसतं." परभणीतून हे असंच होणार. रेडिओलहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी मध्ये येते. साधा हिशेब : अँटेनाची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात. छतावर दहा मीटर उंच अँटेना आणि ३५,००० फुटांवरचं विमान असेल तर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. नांदेडचा विमानतळ परभणीपासून हवाई रेषेत साठ किलोमीटरच्या आतच आहे, तिथलं विमान सव्वाशे मीटरपर्यंत खाली येईतो दिसायला हवं. चिकलठाणा दीडशेच्या पलीकडं, तिथलं विमान जमिनीपासून हजारेक मीटरवर येताच क्षितिजाखाली जातं. मध्ये डोंगर असेल तर आणखी आधी. बीड-अंबाजोगाईकडं बालाघाटानं एक बाजू झाकली असेल तर कोणतंही डोंगल ती उघडून देणार नाही, अँटेना उंच नेणं हाच इलाज.

उंचीचा आकडाही फसवतो. चिकलठाण्याहून नुकतंच उडालेलं विमान दोन हजार फुटांवर दिसलं, तर ते जमिनीपासून दोन हजार फूट नसतं. तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. शिवाय ट्रान्सपॉन्डर १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरावीक दाब धरून उंची सांगतो, त्यामुळं त्या दिवशीच्या हवेच्या दाबाप्रमाणं आकडा थोडा पुढंमागं होतो.

तिकिटावर ६ई वाचून तेच नकाशावर शोधणारे पुष्कळ भेटतात. इंडिगोचं विमान तिथं आयजीओ या अक्षरांनी येतं, एअर इंडियाचं एआयसी. कधी क्रमांकही तिकिटापेक्षा वेगळा असतो. ओळख पक्की करायची असेल तर प्रत्येक विमानाचा वेगळा असलेला सहा अंकी हेक्स पत्ता बघा, भारतात नोंदलेल्या विमानांचा तो ८०, ८१, ८२ किंवा ८३ नं सुरू होतो.

नोंदवहीत वेळ लिहिताना सॉफ्टवेअर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतंय की आपली वेळ, हे पानाच्या डोक्यावरच लिहून ठेवा. साडेपाच तासांचा फरक आहे. पहाटे पाचला टिपलेलं विमान यूटीसीत आदल्या तारखेच्या रात्री साडेअकराचं असतं, आणि महिन्यानंतर दोन वह्या जुळवायला बसलं की नेमकं तेच सापडत नाही.