जुन्या धाटणीच्या बेस गिटारची तुलना करताय? या चुका टाळा

खारघरच्या एका सोसायटीत विकायला काढलेला प्रिसिजन, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला जॅझ आणि वाशीच्या जॅम रूममधला कुणाचा तरी स्टिंगरे (पहिली दोन फेंडरची मॉडेल, तिसरं म्युझिक मॅनचं). रविवारी फिरून तिन्ही वाजवून बघायचे आणि रात्री निकाल लावायचा: जॅझ मोकळा वाजतो, प्रिसिजन बसका, स्टिंगरे भारी. या निकालात बेसचा वाटा थोडाच असतो. एकावर कालच्या तारा, दुसऱ्यावर दोन पावसाळे काढलेल्या. एक दहा वॅटच्या छोट्या अॅम्पवर ऐकलेला, दुसरा जॅम रूमच्या मोठ्या कॅबिनेटवर. मग तुलना नेमकी कशाची झाली?

तारा बघितल्याशिवाय बेसला नाव ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा असायच्या. गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत राउंडवाउंड तारा साठच्या दशकात रुळल्या. ज्याला आपण 'जुना आवाज' म्हणतो, त्यातला बराचसा फ्लॅटवाउंडचा असतो. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा प्रिसिजन १९६२ चा होता, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि तो एकट्या तर्जनीने वाजवायचा. तोच प्रिसिजन आज नव्या राउंडवाउंड तारा लावून, पिकने वाजवला तर ओळखूही येणार नाही.

नवी राउंडवाउंड तार खुल्या जवारीच्या तानपुऱ्यासारखी झणझणते. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात हे झणझणणं लवकर ओसरतं. त्यामुळे दुकानातला नव्या तारांचा बेस मोकळा वाटतो आणि घरातला जुना दबका. एक सोपी चाचणी करा. बाराव्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, म्हणजे हार्मोनिक, ट्यूनरवर बघा, मग तिथेच तार दाबून बघा. दोन सूर जुळत नसतील, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नसेल आणि आवाजही मेलेला असेल, तर आधी तारांवर संशय घ्या. सॅडल (बॉडीकडच्या टोकाला तार ज्यावर टेकते ते भाग) फिरवायचे ते नव्या तारा लावून झाल्यावर. खरेदीचा प्रश्न गंभीर असेल तर ४५ ते १०५ गेजचे (जाडीचे) सारखे दोन सेट घेऊन दोन्ही बेसवर चढवा. तारांना पैसे जातात, पण चुकीचा बेस घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फ्लॅटवाउंड लावल्यावर 'नेक (बेसची दांडी) कडक झाला' अशी तक्रार हमखास येते. या तारांचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, नेक पुढे ओढला जातो आणि तारा वर येतात. पहिला फ्रेट आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तो फ्रेट एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सावरणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. जुन्या धाटणीच्या पुष्कळ बेसमध्ये ही सळई फिरवायचा नट बॉडीकडच्या टोकाला असतो, तिथे पोचायला नेकचे स्क्रू सैल करावे लागतात. घाईत पाना घालून पिकगार्ड ओरबाडलेले बेस सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतात.

जूनमध्ये हाच त्रास काही न बदलताही होतो. एसी शोरूममध्ये सेट केलेला बेस घरी येतो, हवा दमट होते आणि नेक थोडा हलतो. पावसाळ्यात तारा वर-खाली झाल्या म्हणजे बेस खराब निघाला असं नव्हे.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज

मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या जेमतेम ४१ हर्ट्झ. इतका खालचा सूर हळू आवाजात आपल्या कानाला फारसा ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की खर्ज एकदम भरून येतो. म्हणून जो बेस जरा मोठा वाजतो तो 'भरीव' वाटतो. १९५७ पासूनच्या प्रिसिजनमध्ये दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) सीरिजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडलेला असतो. जॅझचा एकटा पिकअप सहसा त्याच्याइतका जोर देत नाही. अॅम्पला हात न लावता केबल एकातून काढून दुसऱ्यात घातली की निकाल आधीच ठरला. दरवेळी आवाज जुळवा. घरी ऑडिओ इंटरफेस (बेस कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) असेल तर तोच उत्तम: एकच ओळ दोन्हींवर रेकॉर्ड करायची, पातळी सारखी करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकायची. फोनच्या स्पीकरवर मात्र नको, तिथे खर्ज पोचतच नाही. केबलही एकच ठेवा. लांब, स्वस्त केबल पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बेसची वरची धार खाते, अॅक्टिव्ह (बॅटरीवरच्या) बेसला ती तितकी बाधत नाही.

उजवा हात कुठे होता?

याकडे फारच थोड्यांचं लक्ष जातं, आणि माझ्या मते निम्म्या चर्चा इथेच संपायला हव्यात. प्रिसिजनवर अंगठा पिकअपवर टेकतो. जॅझवर बहुतेक जण तो पुढच्या, नेककडच्या पिकअपवर ठेवतात. स्टिंगरेचा हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या बाजूला असल्याने हात आपोआप मागे जातो. ब्रिजजवळ छेडलेली तार कडक आणि टणक बोलते, नेककडे छेडलेली गोल. त्यामुळे आपण हाताची जागा बदलतो आणि श्रेय लाकडाला देतो. ब्रिजपासून ठरावीक अंतरावर कागदी टेपचा तुकडा लावा आणि तिन्ही बेस तिथेच छेडा. फरक उरेल, पण वाटला होता तितका नाही.

जॅझमध्ये आणखी एक गंमत आहे. दोन्ही व्हॉल्यूम (प्रत्येक पिकअपचा एक) पूर्ण उघडले की दोन पिकअपमुळे मधले सूर थोडे कापले जातात. घरी एकट्याने वाजवताना हे गोड लागतं, पण ढोलकी, कीबोर्ड आणि गायक आले की बेस गायब. एक व्हॉल्यूम थोडा मागे घ्या, मधला भाग परत येतो. ऑर्केस्ट्रात जुनी गाणी वाजवणाऱ्याला मी फ्लॅटवाउंड तारांचा प्रिसिजनच सुचवेन, टोन नॉब अर्ध्यावर ठेवून. तिथे बेसने ठेक्याला धरून ठेवायचं असतं, आणि ते काम तो फार डोकं न चालवता करतो.

गुणगुण आली की पिकअपला दोष

जॅझचे दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतील तर गुणगुण कटते, एक कमी केला की परत येते. हा दोष नाही, सिंगल कॉइलचा (एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा) स्वभाव आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर बेसची आतली जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर वाजवणं थांबवा आणि अॅम्प बंद करा. जुन्या इमारतींत तीन पिनचा सॉकेट दिसतो, पण त्यामागे अर्थिंग असेलच असं नाही. तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, बेस उघडायचा नाही.

स्टिंगरे १९७६ पासूनच अॅक्टिव्ह आहे. आवाज फाटतोय, दबतोय असं वाटलं तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. जॅक खोचलेला राहिला की ती उतरत राहते. आणि जुन्या रिकनबॅकर ४००१ या बेसचा मागचा पिकअप पातळ वाजला तर घाबरू नका, त्याच्या वाटेत खर्ज कापणारा छोटा कपॅसिटर मुळातच असतो.

बसून बघणं

दुकानात स्टुलावर सगळेच बेस हलके वाटतात. पट्टा लावून पंधरा मिनिटं उभं राहा. डावा हात सोडल्यावर हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) खाली जातो का, ते तेव्हाच कळतं. नट, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्यावरून जातात ती पट्टी, जॅझवर साधारण ३८ मिमी रुंद, प्रिसिजनवर ४१ च्या आसपास, काही जुन्या नमुन्यांत ४४ पर्यंत. लहान हातांना जॅझच बरा, हे मात्र सरसकट खरं नाही. काहींना जॅझवर तारा फार जवळ वाटतात. हॉफनरसारख्या ३० इंची स्केलच्या (मोकळ्या तारेच्या लांबीच्या) बेसवर ३४ इंचीच्याच जाडीच्या तारा लावल्या तर ताण पाचव्या हिश्श्याहून जास्त घटतो. तारा लोंबतात, खरखरतात आणि दोष बेसवर येतो. त्याला शॉर्ट स्केलचाच सेट लावा.

लाकूड कुठलं, लॅकर कुठलं, यावर वाद घालायला हरकत नाही, पण ते वर लिहिलेलं सगळं सारखं केल्यावर.

पैसे देण्याआधी 'जी' या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटचा प्रत्येक सूर लावून सोडा आणि किती वेळ टिकतो ते ऐका. फेंडर धाटणीच्या नेकवर इथे एखादा सूर लवकर विझतो. महागड्या बेसमध्येही हे सापडतं आणि सेटअपने जात नाही. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावला तर कधी कधी ती जागा सरकते. विकणाऱ्याच्या समोरच लावून बघा. सरकली तर प्रश्न मिटला, नाही सरकली तर किंमत कमी करून मागा.