मोठा मासा सोडण्याआधी मोजण्यासाठी साधने कशी निवडावीत

गळाला लागलेला मोठा मासा मोजून परत पाण्यात सोडायचा असेल, तर साधन निवडताना त्याच्या अचूकतेआधी एक गोष्ट पाहावी: त्या साधनामुळे मासा किती वेळ पाण्याबाहेर राहणार आहे. नागपूर परिसरात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण मे महिन्यात येथील पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि उथळ तलावांचे पाणीही चांगलेच तापते. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशांना हेच प्रमाण साडेसातवर येते. काठीशी झुंजून दमलेल्या माशाला नेमका त्याच वेळी प्राणवायू अधिक लागतो. म्हणून मासा हवेत राहण्याचा काळ शक्यतो 10 सेकंदांच्या आत ठेवावा आणि ज्या साधनाने हे जमत नाही, ते कितीही महाग किंवा देखणे असले तरी घेऊ नये. भर उन्हाळ्यात दुपारी मोठ्या माशाच्या मागे न लागणे हे तर सर्वांत बरे.

साधन घेण्याआधी नेमके काय मोजायचे, ते ठरवून घ्यावे. लांबी दोन प्रकारे घेतली जाते. मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंतची ती पूर्ण लांबी, आणि तोंडापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची ती खाच-लांबी. कटला, रोहू आणि मृगळ यांच्या शेपटीला खोल खाच असल्याने या दोन आकड्यांत बराच फरक पडतो. मरळीची शेपटी गोल असल्याने तिच्याबाबत खाच-लांबीला अर्थच राहत नाही. दोन्हींपैकी कोणतीही एक पद्धत धरावी, ती वहीत आकड्यापुढे लिहावी आणि मध्येच बदलू नये.

लांबीसाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे एका टोकाला उभी आडपट्टी असलेली मापनपाटी. माशाचे तोंड आडपट्टीला टेकवले की शून्य आपोआप जुळते आणि एका हाताने शेपूट सरळ करून आकडा वाचता येतो. मोठ्या माशासाठी सपाट पाटीपेक्षा पन्हळीसारखी खोलगट पाटी अधिक सोयीची असते, कारण त्यात मासा लोळत नाही. इतवारीतील हार्डवेअरच्या दुकानातून रुंद पीव्हीसी पाइप आणावा, तो उभा चिरून अर्धा करून घ्यावा, एक टोक टोपणाने बंद करावे आणि कापलेल्या कडा काचकागदाने पूर्ण गुळगुळीत कराव्यात, म्हणजे उत्तम पाटी तयार होते. मात्र पाइपाचा व्यास माशाच्या जाडीला पुरेल असाच निवडावा. मोठा कटला अंगाने फार रुंद असल्याने अरुंद पाइपात तो अडकतो, आणि अडकलेला मासा तडफडून स्वतःला इजा करून घेतो.

पाटी वाहून नेण्याची अडचण असेल, तर गुंडाळता येणारी मापनपट्टी घ्यावी. फ्लेक्स छापणाऱ्यांकडून सेंटिमीटरच्या खुणांची अशी पट्टी सहज करून मिळते. छपाईत माप थोडे ताणले किंवा आखडले जाऊ शकते, म्हणून ती स्टीलच्या फूटपट्टीशी पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत ताडून पाहावी. पार्श्वभूमी फिकट रंगाची असावी. काळी पट्टी उन्हात तव्यासारखी तापते आणि तिच्यावर ठेवलेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. हा थर माशाला बुरशी आणि जंतूंपासून वाचवत असतो. पट्टी कोणत्याही रंगाची असली तरी मासा ठेवण्याआधी ती पाण्याने भिजवून गार करावी, आणि खाली खडक किंवा मुरूम असल्यास जाड फोमची गादी अंथरावी. सुताराच्या खिशातला स्टीलचा टेप या कामासाठी वापरू नये. त्याच्या कडा धारदार असतात, आणि तो माशाच्या फुगीर अंगावरून नेल्यास सरळ लांबीऐवजी वळणाची लांबी मोजली जाते, त्यामुळे आकडा हमखास वाढतो.

खरी काळजी घ्यायची ती घेराच्या साधनाबाबत, आणि बहुतेकांचे दुर्लक्षही तिथेच होते. घेर पृष्ठपराच्या, म्हणजे पाठीवरच्या पराच्या, थोडे पुढे, अंग सर्वांत जाड असते तिथे घेतात. लांबी आणि घेर यांवरून वजनाचा अंदाज काढण्याचे जुने सूत्र असे आहे: लांबीला घेराच्या वर्गाने गुणावे आणि इंच-पौंडांत मोजत असल्यास 800 ने भागावे, सेंटिमीटर आणि किलोसाठी तोच भाजक सुमारे 28,900 होतो. उदाहरणार्थ, 80 सेंटिमीटर लांब आणि 60 सेंटिमीटर घेराच्या माशाचे वजन या हिशेबाने जवळपास 10 किलो येते. आता लांबी मोजताना 2 सेंटिमीटर जास्त धरली गेली, तर उत्तर सुमारे पाव किलोने वाढते. तेवढीच चूक घेरात झाली, तर ते 600 ग्रॅमहून अधिक वाढते, कारण घेराचा वर्ग होतो. महागडी पाटी घेऊन घेर जुन्या, ताणलेल्या टेपने मोजण्यात म्हणूनच अर्थ नाही. हे सूत्र सर्व जातींना सारखे लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. लांबट, सडपातळ मरळ आणि पोट-पाठ भरलेला कटला यांची शरीरे वेगळी आहेत, तेव्हा हा आकडा अंदाज म्हणूनच सांगावा.

घेरासाठी शिंप्याचा 150 सेंटिमीटरचा टेप चालतो, पण तो फायबरग्लासचा धागा असलेला, न ताणला जाणारा असावा. निव्वळ कापडी टेप भिजल्यावर माप बदलतो. याहूनही मला अधिक पसंत असलेले साधन म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची, खुणा नसलेली पॉलिस्टरची फीत. मासा ठेवण्याआधी ती ओली करून गादीवर आडवी पसरून ठेवावी, मासा तिच्यावर अलगद टेकवावा, दोन्ही टोके वर आणून जिथे एकमेकांना छेदतात तिथे चिमटीत धरावीत आणि फीत तशीच काढून घ्यावी. आकडा वाचण्याचे काम मासा पाण्यात गेल्यानंतर सावकाश करता येते. फीत आवळायची नसते, नुसती टेकवायची असते. बारीक नायलॉनची दोरी घेऊ नये, ती खवल्यांखाली रुतते. शिंगाडा या माशाच्या बाबतीत छातीजवळच्या परांचे काटे दातेरी असतात आणि त्यांत फीत अडकते, म्हणून ती काट्यांच्या मागून घ्यावी.

वजनकाटा खरोखर हवाच आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. नोंदीसाठी लांबी आणि घेर पुरेसे असतील, तर काटा नसलेला बरा, कारण एक हाताळणी वाचते. घ्यायचाच असेल, तर मासा थेट काट्याच्या हुकाला लटकवायचा नाही हे पक्के धरून झोळी आणि काटा एकत्रच निवडावेत. कल्ल्यातून किंवा जबड्यातून उभा टांगलेल्या जड माशाच्या जबड्याला, मणक्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते. पाण्यात हे वजन पाणीच पेलत असते. झोळी गाठी नसलेल्या, मऊ, पाणी झटकन गळणाऱ्या जाळीची आणि माशाच्या लांबीपेक्षा मोठी असावी, म्हणजे मासा आत आडवा राहतो. ओली झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणावा आणि मगच मासा घ्यावा. कोरड्या झोळीवर शून्य केले, तर झोळीत मुरलेले पाणी माशाच्या वजनात मिळते. डिजिटल काट्यावर आकडा स्थिर धरून ठेवण्याची सोय असणे फार उपयोगाचे, कारण मासा हलत असताना वाचन सतत बदलते. काटा खरा आहे का हे घरी तपासता येते: बादली अडकवून काटा शून्यावर आणावा आणि तीत मोजून 10 लिटर पाणी ओतावे, काटा 10 किलोच्या आसपासच दाखवायला हवा.

जबडा पकडण्याचे धातूचे चिमटे, विशेषतः वजन दाखवणारे, दुकानात हौसेने दाखवले जातात. कटला-रोहूसाठी ते मुळीच घेऊ नयेत. या माशांच्या जबड्यात दात नसतात, त्यामुळे हाताला धोका नाही, आणि ओठ मऊ असल्याने चिमट्याने फाटतात. मरळीला दात असतात, तिथे मासा पाण्यातच स्थिर ठेवण्यापुरता चिमटा चालेल, पण तिलाही त्यावर उचलू नये.

साधने जमली की घरी ओल्या उशीवर किंवा पाण्याने भरलेल्या पिशवीवर सगळा क्रम एकदा करून पाहावा आणि कोणती वस्तू कोणत्या हाताला लागते ते ठरवावे. छायाचित्रात मासा आणि मापनपट्टी दोन्ही एकाच चौकटीत, वरून सरळ दिसावेत. तिरप्या कोनातून खुणा चुकीच्या वाचल्या जातात. परिसरातील अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा परवानगी आधी घ्यावी, आणि तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये.

एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जाताना झोळी, गादी आणि फीत स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. कटला-रोहूच्या अंगावर आढळणाऱ्या माशांच्या उवा आणि जलपर्णीचे तुकडे ओल्या जाळीतून सहज इकडून तिकडे जातात. उन्हाळ्यात येथील ऊन हे काम लवकर उरकते. पावसाळ्यात झोळी दोन-दोन दिवस दमट राहते, म्हणून त्या दिवसांसाठी दुसरी झोळी जवळ ठेवावी.