जलरंगावर शिक्का उमटवताना

संक्रांतीला हाताने केलेलं कार्ड द्यायचं असेल, तर आधी शाई तपासा. ऑफिसातल्या साध्या स्टॅम्प पॅडची शाई पाण्याने फुटते. म्हणून आधी रंग, तो पूर्ण वाळला की मगच शिक्का. वॉटरप्रूफ शाईचं पॅड असेल तर उलट चालतं: शिक्का मारून वाळवा आणि आत रंग भरा. पॅडवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, रद्दी तुकड्यावर शिक्का मारून वाळू द्या आणि ओला ब्रश फिरवून बघा.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. ए४ अर्धा कापून दुमडला की ए६ कार्ड होतं, पण दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीलगत रेघ दाबून घ्या, नाहीतर घडी फाटल्यासारखी दिसते. खरखरीत कागदावर शिक्का तुटक उमटतो. खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवा, शिक्का सरळ दाबा, सरळ उचला. डुलवला की कडा दुहेरी झाल्याच म्हणून समजा.

बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात, म्हणजे राखीपौर्णिमा-गणपतीची कार्डं करताना, कागद दिसतो कोरडा पण असतो ओला. हाताची पालथी बाजू लावून बघा. गार लागला तर थांबा. हेअर ड्रायर लांबूनच, जवळ धरला तर पातळ रंग सरकतो.

शेजारी कन्नड बोलणारे असतील तर शुभेच्छांचा शिक्का दोन्ही लिप्यांत करून घ्या. खोडरबरावर स्वतः कोरणार असाल तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी कोरायची, हे मात्र विसरू नका.