इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही? आधी हॅझर्डचं बटण बघा

जुन्या स्पोर्ट्स कारला हा त्रास हमखास होतो, इंडिकेटर मधेच बंद पडतो, खड्ड्यातून गाडी गेली की परत चालू, आणि लोक लगेच नवा फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) नाहीतर अख्खा स्टॉक (स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी) बदलायला निघतात. थांबा जरा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या (चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्या) स्विचमधूनच जातो, आणि ते बटण वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही त्यामुळे आतल्या काँटॅक्टवर काळा थर चढतो.

१. इग्निशन बंद ठेवून हॅझर्डचं बटण २०-२५ वेळा पटापट दाबा-सोडा. एवढ्यानेच चालू झालं तर दोषी सापडला, मग स्विच काढून काँटॅक्ट क्लीनर मारा.
२. फरक नाही? मग कान द्या. टिकटिक नेहमीपेक्षा फास्ट येत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा होल्डरला गंज आहे, अर्थिंगची वायर पण बघाच. टिकटिकच नसेल तर फ्यूज, मग रिले.
३. स्टॉक हलक्या हाताने वरखाली हलवल्यावर लागतो-विझतो असं झालं तरच स्टॉकवर संशय घ्या. हा पार्ट महाग, म्हणून शेवटी.

एलईडी बल्ब टाकले असतील तर फास्ट टिकटिक त्यामुळेही होते, ते बल्ब करंट कमी खातात ना.

आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरी काढून, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय तिथले स्क्रू अजिबात उघडू नका.