दोन किलोची झूम आणि दोन सेकंदांचा पक्षी

पक्ष्यांचे फोटो काढायला निघायचं तर बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, एवढं सगळेच आदल्या रात्री बघतात. लेन्सकडे मात्र कुणी नीट बघत नाही, आणि सकाळी घोळ होतो तो तिथेच.

१५०-६०० मिमीची झूम साधारण २ किलोची. कॅमेरा जोडला की अडीच ते तीन किलो. हे ओझं कॅमेऱ्याच्या कड्यांना टांगू नका. पट्टा लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला जोडायचं कडं) अडकवा आणि कॉलरचा स्क्रू रात्रीच आवळून ठेवा. कॉलरचा पाय फिरवून वरच्या बाजूला घ्या, म्हणजे तो तळहाताला रुतत नाही आणि चालताना मूठ म्हणून धरता येतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावलीची नळी, लावलेलं असू द्या. पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढा, इतक्या लांबीला तो फोटो मऊ करतो. झूम लॉक चालताना लावलेलं, जागेवर पोचलं की काढलेलं.

मग लेन्सवरची बटणं. फोकस लिमिटरने, म्हणजे लेन्सने कुठल्या अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणाऱ्या बटणाने, मला एकदा चांगलंच रडवलंय. आदल्या दिवशी लांबच्या घारींसाठी तो १० मीटरच्या पुढे ठेवला होता. दुसऱ्या दिवशी खंड्या चार-पाच मीटरवर येऊन बसला, आणि लेन्स नुसती घरघरत मागे-पुढे. मला वाटलं मोटर गेली! कारण लक्षात येईपर्यंत फांदी रिकामी. तेव्हापासून बॅग बंद करताना लिमिटर ‘फुल’वर आहे का, हे बोटाने चाचपून बघतो.

स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नका. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याच्या पंखाची नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा जुना हिशेब धरा: ६०० मिमीला १/६०० सेकंद, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर असेल तर १/१०००च्या आसपास. हात स्थिर असेल तर याहून मंद शटरवरही उतरता येतं. उडत्यासाठी मात्र १/२००० किंवा त्याहून जलद, आणि स्टॅबिलायझेशनचा पॅनिंगसाठी (पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत नेण्यासाठी) वेगळा मोड असेल तर तो. ६००ला बहुतेक झूमचं छिद्र एफ/६.३च्या वर उघडत नाही, उजेड कमी येतो, त्यामुळे पहाटे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००-६४०० होणारच. होऊ द्या. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ लावला की शटर आपल्या हातात राहतो.

सगळ्यात जास्त तयारी हातांची. डावा तळहात लेन्सखाली, तोल जिथे सापडतो तिथे, बॉडीजवळ नाही. कोपर बरगड्यांना टेकलेलं, एक पाय किंचित पुढे, व्ह्यूफाइंडर भुवईला दाबलेला. श्वास अर्धा सोडून बटण हलकेच. मुख्य सवय म्हणजे नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याशी आणणं. सुरुवातीला व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं आभाळ दिसतं; झूम २००-३००वर ठेवून पक्षी पकडा, मग आत शिरा. गच्चीवरून कावळे-कबुतरांवर आठवडाभर रोज दहा मिनिटं हे करा. कावळ्याला आपण कितीदा चुकलो याचं काही वाटत नाही.

दंड भरून आले की फोटो हलतात, हे दंडांच्या आधी फोटोत दिसतं. म्हणून पक्षी नसताना लेन्स खाली. गुडघा, झाडाचं खोड, गाडीच्या खिडकीत ठेवलेली बीन बॅग, जे मिळेल त्यावर टेका. त्यात कमीपणा नाही. ऊन चढल्यावर जमिनीवरून लांबचे फोटो धूसर येऊ लागले तर लेन्सला दोष देऊ नका, मधली हवा तापून थरथरत असते.

पोचल्यावर पक्ष्याआधी एक चाचणी फोटो घ्या. आभाळातल्या घारीला एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१, उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याला उणे. आणि बगळ्याकडून घारीकडे वळताना ते उणे तसंच राहिलेलं नाही ना, तेवढं बघा.